आयोडीन आणि अंगावरचे दूध

थायरॉइडच्या कर्करोगाचे निदान झालेल्या स्तनदा मातेपुढे जो पेच उभा राहतो, त्याचे मूळ एका प्रथिनात आहे. गळ्याच्या पुढच्या भागातील ही ग्रंथी संप्रेरके बनवण्यासाठी रक्तातले आयोडीन खेचून घेते, आणि हे काम तिच्या पेशींच्या आवरणावरील ‘सोडियम-आयोडाइड सिम्पोर्टर’ हे वाहक प्रथिन करते. सोडियमचे दोन आयन आत शिरताना आयोडाइडचा एक आयन सोबत ओढून नेतात. नॅन्सी कॅरास्को यांच्या गटाने १९९६ साली या प्रथिनाचे जनुक वेगळे केले, आणि पुढे असे दिसले की हेच प्रथिन बाळाला पाजणाऱ्या स्त्रीच्या दुग्धग्रंथींतही असते. बाळाच्या मेंदूची वाढ आयोडीनवाचून खुंटते, म्हणून निसर्गाने केलेली ही सोय.

कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या थायरॉइड पेशी नष्ट करण्यासाठी आयोडीन-१३१ हे किरणोत्सारी आयोडीन पोटातून दिले जाते, आणि शरीर त्याच्यात व साध्या आयोडीनमध्ये भेद करत नसल्याने त्याचा काही अंश दुधात उतरून बाळाच्या जेमतेम ग्रॅम-दीड ग्रॅमच्या ग्रंथीत साठतो व ती कायमची निकामी करू शकतो. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्म्यावर येण्याचा काळ, ८ दिवसांचे असल्याने चार दिवस दूध काढून टाकण्याने भागत नाही. दुग्धग्रंथींनी आयोडीन खेचणे थांबावे म्हणून अंगावर पाजणे उपचाराच्या किमान सहा आठवडे आधी, आणि अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५च्या मार्गदर्शिकेनुसार शक्यतो तीन महिने आधी, पूर्ण थांबवावे लागते, शिवाय त्या बाळाला पुन्हा पाजता येत नाही. पुढच्या अपत्याला मात्र पाजता येते.

या उपचाराचा उगम एका प्रश्नात आहे. १२ नोव्हेंबर १९३६ रोजी बोस्टनमध्ये एमआयटीचे अध्यक्ष कार्ल कॉम्प्टन यांच्या व्याख्यानानंतर सॉल हर्ट्झ या तरुण डॉक्टरांनी त्यांना विचारले की आयोडीन कृत्रिमरीत्या किरणोत्सारी करता येईल काय. पुढे १९४१ मध्ये थायरॉइडच्या अतिक्रियाशीलतेवर हर्ट्झ यांनीच त्याचा पहिला वैद्यकीय वापर केला. पण १९४३ मध्ये ते नौदलात गेले आणि त्यांच्या अनुपस्थितीत काम दुसऱ्यांच्या हाती गेले. १९४६ मध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात हर्ट्झ यांचा आणि त्यांचे काम हाती घेतलेल्यांचा असे दोन प्रतिस्पर्धी निबंध छापले गेले, आणि हर्ट्झ १९५० मध्ये वारले. ज्यांनी मूळ प्रश्न विचारला त्यांचे नाव आज हा उपचार घेणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असेल, हा अन्यायच म्हणावा लागेल.

मात्र हा उपचार सर्वांनाच हवा असतो, हा समज आता टिकत नाही. फ्रान्समधील ७७६ रुग्णांवरील एका चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले, कमी जोखमीच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर किरणोत्सारी आयोडीन न देताही तीन वर्षांनी स्थिती तितकीच चांगली आढळली. जपानमधील कोबे येथे तर अकिरा मियाउची यांच्या पुढाकाराने १९९३ पासून सेंटिमीटरभराहून लहान गाठींवर, त्या वाढत नसतील तोवर, केवळ सोनोग्राफीने नजर ठेवली जाते. सोनोग्राफी, सुईने घेतलेला नमुना किंवा शस्त्रक्रिया यांपैकी कशासाठीही दूध तोडावे लागत नाही. भूल उतरून आई पूर्ण शुद्धीवर आली की बहुधा तिला पाजता येते. नंतर आयुष्यभर घ्यावयाची थायरॉक्सिनची गोळी, तिचा डोस रक्ततपासणीने नीट जुळवला असल्यास, दुधातून बाळाला बाधत नाही. मेड्युलरी प्रकारच्या कर्करोगपेशी तर आयोडीन शोषतच नाहीत, तेव्हा तेथे किरणोत्सारी आयोडीनचा प्रश्नच उद्भवत नाही.

कर्करोग पसरलेला असेल तर गोष्ट वेगळी, आणि तेथे आयोडीनला पर्याय शोधत बसू नये. तरीही पॅपिलरी हा सर्वांत आढळणारा प्रकार बहुधा संथ वाढतो, त्यामुळे काही आठवड्यांची मुदत मागणे बहुतेक वेळा गैर नसते. दूध तोडायचे की नाही, याचा निर्णय शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा अहवाल हाती आल्यावर घ्यावा, आधी नव्हे; आणि किरणोत्सारी आयोडीनची तारीख ठरवण्यापूर्वी बाळ अंगावर पिते आहे, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी त्यांना आवर्जून सांगावे.