नित्याच्या कामांतील उपासना

धर्म म्हटला कीं देऊळ, मशीद अथवा उपासनामंदिर, सणाचा दिवस, प्रार्थनेची घंटा, असें चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. आठवड्यांतील कांहीं घटका धर्माच्या आणि बाकीचा सर्व वेळ पोटाचा, अशी एक वांटणी आपण नकळत करून ठेविलेली असते. ही वांटणी खरी आहे काय, हा प्रश्न सुमारें पांचशें वर्षांपूर्वीं जर्मन देशांत मोठ्या आग्रहानें विचारला गेला. आणि त्याचें जें उत्तर मिळालें, त्याच्या आधारें पुढें अनेक देशांतील साध्यासुध्या स्त्रियांनीं आपलें आयुष्य घडविलें. त्या उत्तराची व त्या स्त्रियांची थोडी ओळख आमच्या वाचकांस करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे. आमच्या शाळेंत सर्व धर्मांचीं मुलें शिकतात. कोणावर कांहीं लादावें म्हणून आम्ही हें लिहीत नाहीं. ज्या गोष्टीचा प्रत्येकाच्या घराशीं संबंध पोहोंचतो तीच येथें सांगत आहों.

जालना जिल्ह्यांतील वाचकांस ‘लूथरन’ हें नांव फारसें परिचयाचें नसेल, व तें स्वाभाविक आहे. इकडे मिशनचें काम मुख्यतः स्कॉटलंडच्या मंडळीनें केलें. इ. स. १८४३ मध्यें बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्रि यांनीं जालन्याजवळ वसविलेलें बेथेल हें गांव पुष्कळांस निदान ऐकून तरी ठाऊक असतें. अहमदनगराकडे अमेरिकन मराठी मिशननें काम केलें. लूथरन मंडळी ही या दोहोंहून जुनी. मार्टिन लूथर (१४८३–१५४६) यानें ३१ ऑक्टोबर १५१७ रोजीं विटेनबर्ग येथें पापक्षमेच्या चिठ्ठ्या विकण्याच्या प्रघाताविरुद्ध ९५ मुद्दे मांडले, आणि तेथून युरोपांतील धर्मसुधारणेस आरंभ झाला. त्याच्या शिकवणीस अनुसरणारी ती लूथरन मंडळी. आपल्या देशांत आलेले पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी, झीगेनबाल्ग व प्ल्यूत्शाउ, हे याच मंडळीचे असून ते ९ जुलै १७०६ रोजीं तामिळ किनाऱ्यावरील तरंगमबाडी येथें उतरले.

लूथरच्या काळीं असा समज रूढ होता कीं, मठांत राहून व्रतें आचरणारा तोच देवाचा खरा सेवक. देव ज्यास बोलावितो, ज्यास ‘पाचारण’ होतें, तो संन्यासी; शेतकरी, चांभार, दाई, मोलकरीण यांचें काम तें निव्वळ पोटासाठीं. लूथरनें हा समज मुळासकट उपटून काढला. त्याचें म्हणणें असें कीं, तारण हें देवाची देणगी आहे. तें कोणत्याही कर्मानें विकत घेतां येत नाहीं. मग सत्कर्में कशासाठीं करावयाचीं? तर देवास त्यांची गरज नाहीं, पण शेजाऱ्यास आहे. म्हणून जें काम शेजाऱ्याच्या उपयोगी पडतें, तें कितीही हलकें दिसलें तरी देवानें सोंपविलेलेंच काम होय. विवाहाविषयीं १५२२ सालीं लिहिलेल्या एका पुस्तकांत त्यानें एक उदाहरण दिलें आहे, तें आमच्या विद्यार्थ्यांस गंमतीचें वाटेल. एखादा बाप आपल्या तान्ह्या मुलाचीं दुपटीं धूत बसला आणि लोक त्यास हंसले, तर देव व देवदूत त्या बापाकडे पाहून प्रसन्न होतात, असें तो म्हणतो. हंसणारे ते मूर्ख. धुणारा तो भक्त!

ही शिकवण प्रथम त्याच्याच घरांत कसोटीस लागली. कॅथरीना फोन बोरा (१४९९–१५५२) ही मठांतील जोगीण १५२३ सालीं मठ सोडून बाहेर पडली व १५२५ सालीं लूथरची पत्नी झाली. विटेनबर्ग येथील जुन्या मठाच्या ज्या भल्यामोठ्या इमारतींत तीं राहत, तेथें स्वतःचीं सहा मुलें, आप्तांचीं पोरकीं मुलें, जेवावयास राहणारे विद्यार्थी आणि वेळीं अवेळीं येणारे पाहुणे, एवढा संसार तिनें चालविला. भाजीपाल्याचा मळा, गुरें, माशांचें तळें, त्या देशाच्या रिवाजाप्रमाणें घरींच गाळलेली बिअर, आजाऱ्यांची शुश्रूषा, आणि या सर्वांचा हिशेब तिच्या हातीं होता. लूथरचे ग्रंथ जगभर गेले; परंतु ज्या घरांत बसून ते लिहिले गेले, त्या घराची चूल कोणी पेटती ठेविली, हेंही इतिहासानें लिहून ठेविलें आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

ही झाली दूरदेशची हकीकत. आतां एका मराठी बाईची ऐका. सतराव्या शतकांत व्यंकोजीराजांनीं तंजावरास मराठ्यांचें राज्य स्थापिलें, तेव्हांपासून तेथें अनेक मराठी कुटुंबें वसलीं. अशाच एका ब्राह्मण घराण्यांतील ही स्त्री लहान वयांत विधवा झाली. सती जाण्याच्या प्रसंगांतून एका इंग्रज अधिकाऱ्यानें तिला वांचविलें, असें तिकडे परंपरेनें सांगतात. पुढें ती त्याच्याबरोबर तिरुनेलवेलीजवळील पाळयंकोट्टै येथें राहिली आणि तेथेंच तिला ख्रिस्ती धर्माची ओळख झाली. तंजावरकडे त्या वेळीं श्वार्ट्झ (१७२६–१७९८) हे विख्यात लूथरन मिशनरी काम करीत असत. सरफोजीराजांच्या बाळपणीं त्यांचे पालक म्हणून मराठी इतिहासांतही यांचें नांव येतें. तिनें त्यांच्याकडे बाप्तिस्मा मागितला; परंतु त्या अधिकाऱ्याशीं तिचा विधिपूर्वक विवाह झालेला नसल्यामुळें त्यांनीं तो दिला नाहीं. अधिकारी वारल्यावर तिनें पुनः विनंति केली, आणि १७७८ सालीं तिला क्लॅरिंडा या नांवानें बाप्तिस्मा मिळाला.

या बाईची स्थिति लक्षांत आणा. वैधव्यामुळें आपल्या समाजानें तिला दूर केलेलें. आणि ज्या मंडळींत ती येऊं पाहत होती तिच्या दाराशींही कित्येक वर्षें तिला थांबावें लागलेलें. दुसरी एखादी असती तर कडवटपणानें घरांत बसली असती. ही मात्र शेजारच्या लोकांस जमवून शिकवूं लागली. १७८० सालीं पाळयंकोट्टै येथील मंडळीची जी पहिली नांवनिशी झाली, तींत सुमारें चाळीस नांवें असून पहिलें नांव क्लॅरिंडाचें आहे. तिच्या खटपटीनें तेथें पक्कें उपासनामंदिर उभें राहिलें व १७८५ सालीं श्वार्ट्झ यांनीं त्याचें समर्पण केलें. लोक त्यास ‘पाप्पात्ति अम्माळ कोविल’, म्हणजे ब्राह्मणीबाईचें देऊळ, असें म्हणूं लागले. लोकांच्या पाण्यासाठीं तिनें खोदविलेली विहीरही तिकडील लोक तिच्याच नांवानें सांगतात. १९७२ चा दुष्काळ ज्यांनीं वडील मंडळींकडून ऐकला आहे व २०१२–१३ चा ज्यांनीं स्वतः सोसला आहे, अशा आमच्या भागांतील लोकांस विहिरीचें मोल निराळें सांगावयास नको. तहानलेल्यास पाणी मिळालें म्हणजे उपदेशाचा अर्धा भाग समजावून झाला.

एकटीच्या धैर्याची ही गोष्ट झाली. आतां पुष्कळींच्या थोड्या थोड्या देण्याची पाहूं. अमेरिकेंतील लूथरन स्त्रियांनीं १८७९ सालीं आपली स्वतंत्र मिशनसंस्था काढली. घरांत एक लहानशी पेटी ठेवावी, मूल आजारांतून उठलें, पीक चांगलें आलें, दूर गेलेला माणूस सुखरूप परतला, कीं तींत आभाराचें एखादें नाणें टाकावें, असा तिकडील लूथरन स्त्रियांचा जुना प्रघात आहे. अशा स्त्रियांच्या आधारानें डॉक्टर ॲना कुगलर या १८८३ सालीं आंध्रांतील गुंटूर येथें आल्या. त्या वैद्यकशास्त्राच्या पदवीधर. परंतु आरंभीं त्यांची नेमणूक वैद्यकीय कामासाठीं झालीच नव्हती, शिकविण्याच्या कामासाठीं झाली होती. तरी येतांना त्यांनीं औषधें बरोबर आणलीं. पुरुष वैद्याकडून तपासून घेण्यास लाजणाऱ्या, व म्हणून घरांतल्या घरांत प्राण सोडणाऱ्या स्त्रिया त्यांनीं पाहिल्या, आणि त्या स्वस्थ बसूं शकल्या नाहींत. १८९८ सालीं गुंटूरचें त्यांचें रुग्णालय सुरू झालें. १९३० सालीं त्यांचा अंत झाला तोही गुंटूर येथेंच.

याच परंपरेंतील आणखी एक काम आमच्या विद्यार्थिनींस विशेष जवळचें वाटेल. तें म्हणजे गोधडीचें. दुसऱ्या महायुद्धानें उद्ध्वस्त झालेल्या लोकांच्या साहाय्यासाठीं १९४५ सालीं अमेरिकेंतील लूथरन मंडळ्यांनीं एक साहाय्यसंस्था स्थापिली. तिच्या द्वारें तेथील स्त्रियांनीं शिवलेल्या गोधड्या निर्वासितांच्या छावण्यांत व संकटग्रस्त देशांत जातात; त्यांची संख्या वर्षास लाखावर गेलेली आहे. गोधडीचें माप ठरलेलें असतें, साठ इंच रुंद व ऐंशीं इंच लांब. वर कापडाचे चौकोनी तुकडे जोडावयाचे, मध्यें जुनें पांघरूण घालावयाचें, खालीं साधें कापड लावावयाचें, आणि तिन्ही थर दोऱ्याच्या गांठींनीं ठिकठिकाणीं बांधून टाकावयाचे. गांठी मारणें सोपें असल्यामुळें जिला बारीक शिवण जमत नाहीं अशी वृद्ध बाई व लहान मूल यांनाही त्या कामांत भाग घेतां येतो.

आपल्याकडील गोधडीची रीत निराळी. जुनीं लुगडीं व धोतरें यांचे थर एकावर एक पसरून कडेपासून मध्याकडे धांवदोरा घालीत जावें लागतें. वापरून झिजलेलें कापड मऊ पण दुबळें असतें. दाट टांके पडले म्हणजे सर्व थर एकमेकांस धरून राहतात व धुतांना गोळा होत नाहींत. कोणता तुकडा कोठें बसवावा, लाल कांठ बाहेर घ्यावा कीं आंत, हें शिवणारी मनाशींच ठरविते. तिला कोणी चित्रकला शिकविलेली नसते. परंतु जें टाकून द्यावयाचें त्यांतून उपयोगी व सुंदर वस्तु निर्माण करणें याहून निर्मितिशक्ति ती निराळी काय असावयाची? पवित्र शास्त्रांत यापो येथील टबीथा नांवाच्या शिष्येची कथा आहे. ती वारली तेव्हां गांवच्या विधवांनीं रडत रडत पेत्रास तिनें शिवलेले अंगरखे व वस्त्रें दाखविलीं. तिच्या भक्तीची साक्ष म्हणून त्यांनीं दुसरें कांहींच पुढें केलें नाहीं.

आतां हें सर्व आमच्या घरांशीं कसें जुळतें तें पाहूं. भोकरदन तालुक्यांतील पिंपळगांव रेणुकाईचा मिरचीचा बाजार आपणां सर्वांस ठाऊक आहे. तेथें येणारी हिरवी मिरची बहुतांशीं स्त्रियांच्या हातांनीं तोडलेली असते. दिवसभर मिरची तोडून बोटांची कशी आग होते, तें ज्या आईस सोसावें लागतें तिलाच माहीत. त्याच हातांनीं ती संध्याकाळीं भाकरी थापते, आणि त्याच हातांच्या मजुरींतून आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या वह्या येतात. असें असून, आईनें पालकसभेस येऊं नये, आलीच तर मागें बसावें, असें वाटणारे विद्यार्थी आमच्या पाहण्यांत आहेत. तिच्या भेगाळलेल्या हातांची त्यांस लाज वाटते. हें वाचून त्यांनीं एकदां विचार करावा कीं, ज्या कामास साधुसंतांच्या कामाएवढें मोल देण्यासाठीं एका थोर पुरुषानें सर्व युरोपाशीं वाद केला, तें काम आपल्या घरांत रोज घडतें आणि आपण त्याकडे पाहतही नाहीं.

पालकांसही एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. नित्याचें काम पवित्र आहे, या तत्त्वाचा एक विपरीत अर्थ काढतां येतो व पुष्कळदां काढला जातो. “मुलीचें पाचारण चुलीपाशीं; तिला पुढें शिकवून काय करावयाचें?” असें म्हणून आठवीं-नववींतून मुलगी काढून घेतात, आणि वर तिच्या कष्टाळूपणाची स्तुति करितात. लूथरच्या शिकवणीचा हा अर्थ नव्हे. त्यानेंच १५२४ सालीं जर्मनींतील नगरसभांस जाहीर पत्र लिहून मुलांप्रमाणें मुलींसाठींही शाळा काढाव्या अशी मागणी केली होती. क्लॅरिंडा लोकांस शिकवूं शकली, कारण ती स्वतः शिकली होती. कुगलरबाईंच्या हातून गुंटूरच्या स्त्रियांचे प्राण वांचले, कारण कोणी तरी त्यांस वैद्यकशाळेंत जाऊं दिलें होतें. काम पवित्र आहे म्हणून माणसास त्याच एका कामाशीं जखडून ठेवावें, हा न्याय नव्हे. देव कोणास कशासाठीं बोलावील हें आपणांस अगोदर कळत नाहीं. म्हणून आपल्या मुलीस ती हांक ऐकूं येईल इतकें शिक्षण देणें, हें आईबापांचें स्वतःचें पाचारण होय.

आमच्या विद्यार्थ्यांस सुट्टीसाठीं एक लहानसें काम सांगतों. घरांतील एखादी जुनी गोधडी उलगडून आईपाशीं अथवा आजीपाशीं बसावें, आणि तींतील कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा, तो केव्हांचा, शिवतांना सोबत कोण होतें, हें विचारून वहींत लिहून आणावें. लिहिणाऱ्यानें आईचें संपूर्ण नांव वरच्या ओळींत घालावें. पालकांस विनंति इतकीच कीं, शाळा उघडेल त्या दिवशीं ती वही घेऊन मुलाबरोबर मुलगीही वर्गांत येईल, असें करावें.