अर्ध्या मिलिमीटरचं दुखणं

रुबिना फ्रान्सिसनं 31 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसमध्ये 10 मीटर एअर पिस्तुलात पॅरालिम्पिकचं कांस्यपदक घेतलं, हे आता कुणाला नव्यानं सांगायला नको. मेकॅनिकची ही मुलगी जबलपूरची, इथल्याच ‘गन फॉर ग्लोरी’ अकादमीत तयार झालेली. त्यानंतर इथल्या नेपियर टाउनच्या पोराटोरांना नेमबाजीचं वेड लागलं, तर त्यात नवल ते काय! खऱ्या स्पर्धेच्या पिस्तुलाची किंमत ऐकली की वडील मंडळी विषय बदलतात. मग तडजोड म्हणून घरात येते ती एअरसॉफ्ट बंदूक: दिसायला थेट एम-फोर रायफल, अंगानं प्लॅस्टिकची, आणि थोड्याच दिवसांत दस्ता डुगडुगणारी. मग दसरा येतो. खंडेनवमीला ती पाटावर मांडायची, तर निदान खुळखुळू तरी नये.

दस्ता ढिला झाला की पोरं पहिली धाव घेतात ती फेविक्विककडे. तिथंच घोटाळा होतो. एकदा चिकटवलेला दस्ता पुन्हा निघत नाही, आणि यांतल्या अनेक बंदुकांची बॅटरी, तिच्या वायरी दस्त्यात किंवा त्याच्या नळीतच असतात. म्हणजे बॅटरी बदलायची वेळ आली की बंदूक फोडण्याखेरीज मार्ग उरत नाही.

खरं म्हणजे हे दुखणं बरं करायला जबलपूरइतकं सोयीचं गाव नाही. गन कॅरेज फॅक्टरी 1904 पासून इथं उभी आहे. 155 मिलिमीटरच्या ‘धनुष’ तोफा तिथं बनतात. त्यांतल्या पहिल्या सहा 8 एप्रिल 2019 रोजी सैन्याच्या हवाली झाल्या. फॅक्टरीत आयुष्य काढलेला फिटर या शहरात शोधावा लागत नाही. आणि फिटरचा पहिला प्रश्न कधीच ‘काय लावू?’ असा नसतो. तो विचारतो, ‘फट कुठे आहे आणि किती?’

एम-फोर घाटाच्या बंदुकीत मागे एक नळी असते आणि दस्ता तिच्यावर सरकतो. गंमत अशी, की मूळ अमेरिकन रायफलीतच या नळीची दोन मापं रूढ आहेत. सैनिकी मापाच्या नळीचा व्यास साधारण 29.2 मिलिमीटर, व्यापारी मापाच्या नळीचा साधारण 29.7. एअरसॉफ्टवाल्यांनी दोन्ही उचलली, शिवाय काहींनी स्वतःचं तिसरंच काढलं. जाड नळीचा दस्ता बारीक नळीवर चढवला की अर्ध्या मिलिमीटरची फट राहते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण दस्त्याचा जेमतेम सात सेंटिमीटर भाग नळीला धरून असेल आणि उरलेला पंधरा सेंटिमीटर मागे लोंबत असेल, तर तीच फट खांद्याशी दुपटीनं जाणवते.

साच्याचाही दोष असतो. एबीएस प्लॅस्टिक साच्यात थंड होताना सुमारे अर्धा टक्का आकसतं. तीस मिलिमीटरवर तो हिशेब 0.15 मिलिमीटर होतो, आणि स्वस्त माल करणारा कारखाना तेवढ्यासाठी साचा बदलत नाही. नायलॉनची तऱ्हा वेगळी. ते हवेतला ओलावा पिऊन फुगतं. त्यामुळे जबलपूरच्या पावसाळ्यात आणि मे महिन्यात नायलॉनच्या दस्त्याची पकड वेगवेगळी वाटली, तर विकणाऱ्यावर आळ घेण्याआधी हवामानाकडे बघावं.

आता उपाय. आधी मॅगझिन काढायचं, बंदुकीचं तोंड सुरक्षित दिशेला धरून आत अडकलेला छर्रा उडवून टाकायचा आणि बॅटरीची पिन सोडवायची. मग दस्ता वर-खाली हलवून पाहायचा, नंतर पिळून पाहायचा. वर-खाली हलत असेल तर दोष नळीच्या व्यासात. पिळला जात असेल तर नळीच्या पोटाखालचा कणा किंवा त्याच्या भोकात बसणारी खिट्टी झिजलेली. दुसऱ्या दुखण्यावर टेपच्या लपेटी कितीही मारल्या तरी गुण येत नाही.

फट व्यासात असेल तर काळ्या इन्सुलेशन टेपचे दोन वेढे पुरतात. टेप साधारण 0.13 मिलिमीटर जाड, म्हणजे एका वेढ्यानं व्यास पाव मिलिमीटरनं वाढतो. पण जबलपूरच्या उन्हाळ्यात या टेपचा गोंद पाझरतो आणि सगळं चिकट होऊन बसतं. त्याहून सरस पाचर प्रत्येक घरातल्या कपाटावर पडलेली असते: आजोबांच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे. ही फिल्म साधारण 0.2 मिलिमीटर जाड असते, दबत नाही, घाम-पाण्याला दाद देत नाही. बोटभर रुंदीची पट्टी कापायची, कडा पॉलिश पेपरनं घासायच्या, पातळ दुतर्फी टेपनं नळीच्या पाठीवर बसवायची आणि दस्ता हळू सरकवायचा. हातानं जोर लावून सरकला तर माप जमलं. हातोडी घ्यावीशी वाटली तर पट्टी जाड झाली.

स्वस्त स्प्रिंगवाल्या बंदुकांत मात्र दस्ता दोन टरफलांचा असतो आणि स्क्रूचं भोक खाल्लं गेलेलं असतं. तिथं एबीएसचे तुकडे असिटोनमध्ये विरघळवून केलेला लगदा भोकात भरायचा, पूर्ण वाळू द्यायचा आणि बारीक भोक पुन्हा पाडायचं. खिडक्या उघड्या, गॅस बंद. नायलॉनवर असिटोनची मात्रा चालत नाही. तिथं जाड स्क्रू आणि वॉशर.

प्लॅस्टिकला नावं ठेवणाऱ्यांनी लाकडाचाही इतिहास आठवावा. ली-एनफिल्ड रायफलीचा लाकडी दस्ता आतून एका लांब बोल्टनं आवळलेला असे आणि लाकूड सुकलं की तो सैल पडे. ईशापूरच्या कारखान्यानं तर याच रायफलीच्या पुढच्या लाकडाला फाटू नये म्हणून एक आडवा स्क्रूच देऊन टाकला. जगभरचे संग्राहक आजही ‘ईशापूर स्क्रू’ म्हणून तो ओळखतात. स्पर्धेतले नेमबाजही एअर पिस्तुलाची मूठ कानशीनं घासून, पुट्टी भरून आपल्या पंजाला बेतून घेतात. फट भरणं हा जुगाड मुळीच नाही. शस्त्रांच्या धंद्यातलं ते रोजचं, मानाचं काम आहे.

राहता राहिला कायदा, आणि इथं उत्साहाला थोडा लगाम हवा. आर्म्स रूल्स 2016 मध्ये एअरगनच्या परवान्याची सीमारेषा 20 जूल आणि 4.5 मिलिमीटर अशी आहे. 0.2 ग्रॅमचा एअरसॉफ्ट छर्रा सेकंदाला 100 मीटर वेगानं सुटला तर ऊर्जा होते फक्त 1 जूल, पण छर्रा सुटतो ती पुढची नळी मात्र 6 मिलिमीटरची. त्यात हुबेहूब नकली बंदुकीची त्याच नियमांत वेगळी व्याख्या आहे. परदेशातून मागवण्याआधी माहितगाराला विचारलेलं बरं.

आणि दस्ता कितीही घट्ट बसला तरी ही बंदूक भंवरताल बागेत मिरवायची नाही. लांबून ती खरीच दिसते, पोलिसालासुद्धा. घराच्या गच्चीवर, भिंतीला जाड पडदा लावून खेळा. 1 जूलचा छर्रा कातडीवर लाल ठिपका उठवतो, पण डोळा कायमचा घालवू शकतो. तेव्हा एक्स-रेची पट्टी कापायला बसण्याआधी पोराला चांगला गॉगल आणून द्या.