दाढेतील निळा प्रकाश

गतवर्षी जत्रेतील खाजे चावताना आमच्या दाढेतील भरण निखळून हाती आले. या दाढेचे रूट कॅनाल होऊन पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. तुकडा न्याहाळून पाहिला, तो वरचा भाग दगडासारखा घट्ट, पण तळाशी नखाने ओरखडा उठे. दुसऱ्या दंतवैद्यांना तो दाखविला तेव्हा ते म्हणाले, "तळापर्यंत प्रकाश पोचलाच नसावा." प्रकाशाचा आणि भरणाचा काय संबंध, हे कुतूहल आम्हांस तेव्हापासून लागले.

दाताच्या आत मऊ गर असतो. त्यातच नसा व रक्तवाहिन्या असतात. कीड तेथवर पोचली की गर सडतो आणि ठणका सुरू होतो. असा गर काढून, मुळातील नलिका धुऊन, तीत गट्टापर्चा नावाचा पदार्थ भरतात. हा मलायाकडील एका झाडाचा चीक. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालून नेलेल्या तारांवर याचेच वेष्टन असे! नलिका बुजली तरी वरचे खिंडार उरतेच. ते भरण्यासाठी हल्ली कॉम्पोझिट वापरतात.

कॉम्पोझिट म्हणजे कृत्रिम राळ आणि काचेची अतिसूक्ष्म पूड यांचे मिश्रण. अमेरिकेतील राफेल बोवेन यांना अशा राळेचे पेटंट १९६२ साली मिळाले. प्रथम दोन लगदे कालवून ते आपोआप घट्ट होऊ देत. पुढे १९७०च्या दशकात अतिनील किरणांचे दिवे आले आणि त्यानंतर आजचा निळा प्रकाश.

या निळ्या प्रकाशाचे रहस्य आपल्या देवघरातील कापराशी जोडलेले आहे, हे वाचून विद्यार्थ्यांस नवल वाटेल. कापरापासून बनणारे कॅम्फरक्विनोन नावाचे पिवळे द्रव्य राळेत किंचित मिसळलेले असते. पिवळा पदार्थ निळा प्रकाश शोषतो; सुमारे ४७० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश यास विशेष मानवतो. प्रकाश शोषून ते उत्तेजित झाले की सोबतच्या दुसऱ्या एका द्रव्याच्या साह्याने राळेचे सुटे रेणू एकमेकांस जखडू लागतात, आणि लोण्यासारखा लगदा काही सेकंदांत कठीण होतो. साध्या दिव्याच्या उजेडातही ही क्रिया हळूहळू सुरू होते. म्हणून काम चालू असता दंतवैद्य डोक्यावरचा दिवा बाजूस सारतात.

मात्र हा प्रकाश फार खोल जात नाही. राळ आणि काचेचे कण त्यास शोषतात व विखुरतात. म्हणून साधे कॉम्पोझिट सुमारे २ मिलिमीटर जाडीच्या थरांनीच भरावयाचे असते. दिव्याचे टोक दूर राहिले, तिरपे धरले, तर तेवढेही साधत नाही. फसवणूक अशी की पृष्ठभाग तर चटकन घट्ट होतो. आतला कच्चेपणा वरून कोणास दिसावा? शिवाय घट्ट होताना कॉम्पोझिट शेकडा दोन-तीन भाग आकसते. चहूबाजूंनी भिंतींना चिकटलेला मोठा गोळा एकदम आकसला की कोठेतरी भिंत सुटते आणि त्या फटीतून जंतूंची पुन्हा ये-जा सुरू होते.

मुळाच्या नलिकेत तर अडचण आणखी बिकट. दाढेचा बराच भाग गेला असेल तर आधारासाठी नलिकेत काचतंतूंची बारीक काडी बसवितात. काडीतून थोडा प्रकाश झिरपतो, पण खाली जाता जाता तो क्षीण होतो. म्हणून तेथे दुहेरी सिमेंट योजतात: वरचा भाग प्रकाशाने लवकर घट्ट होतो, खालचा अंधारातच रासायनिक क्रियेने काही मिनिटांत.

येथे लवंगेचीही गोष्ट सांगावयास हवी. दात दुखला की आमच्या आई दाढेखाली लवंग धरावयास लावीत, आणि तो उपाय खोटा नव्हे. तात्पुरत्या भरणांतही लवंगेच्या तेलातील युजेनॉल असते. परंतु तेच युजेनॉल राळेचे रेणू जोडले जाण्यास अडथळा करते! त्यामुळे जुन्या भरणाचा अंशही न ठेवता दाढ साफ करावी लागते.

आमच्या दाढेत या वेळी आधी काडी बसली, मग कॉम्पोझिटचे चार थर चढले. दर थराला वीस सेकंद. दंतवैद्यांच्या डोळ्यांपुढे निळा प्रकाश अडविणारी नारिंगी काच होती, आम्हांस डोळे मिटण्याची आज्ञा होती, आणि आम्ही मनातल्या मनात आकडे मोजीत होतो.