निकष आणि पुस्तक

वाचन-आव्हानात समजा वर्षाला बारा निकष दिलेत. प्रत्येकात एक पुस्तक बसवायचं. आता बघा, निकष हे तर्कशास्त्रातल्या पदासारखं असतं, त्याची व्याप्ती आधी तपासावी लागते. 'प्रवासवर्णन' म्हटलं तर विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९) बसत नाही. ती कादंबरी आहे. 'प्रवासात घडणारं पुस्तक' म्हटलं की बसते, कारण तिची कथा बोटीवर घडते.

उलट एकच पुस्तक अनेक निकषांत येतं. विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' हे प्रवासवर्णन आहे, आत्मकथन आहे आणि १८५७च्या उठावाची साक्षही आहे. म्हणून सर्वांत अरुंद निकष आपण आधी भरावा. ऐसपैस निकषांना पुस्तकं पुष्कळ मिळतात.

पण आपण करतो काय? आवडीचं पुस्तक आधी ठरवतो नि निकष ताणून त्यावर चढवतो. मग बारा पुस्तकं वाचूनही आपण जिथल्या तिथेच. 'आपल्याला अपरिचित जगाचं आत्मकथन' हा निकष घ्या. दया पवारांचं 'बलुतं' (१९७८) इथे काहींना चपखल बसेल. ज्यांच्या घरातच ते जग होतं, त्यांना दुसरं पुस्तक शोधावं लागेल. म्हणजे इथे पुस्तकाआधी आपल्याला स्वतःचं जग तपासावं लागतं. असा एक तरी निकष न ताणता पाळू या.