विश्लेषण : संगणकावर ‘उगवलेला’ डोंगर खरा का वाटतो?

चित्रपटातील बर्फाळ शिखरे, मोबाइल गेममधील दऱ्याखोरी आणि गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत इमारतीमागे दिसणारी हिरवी टेकडी. यातील अनेक दृश्यांसाठी कॅमेरा कुठेही नेलेला नसतो. डोंगर, झाडे, ऊन, धुके असे सारे संगणकावर तयार होते. काही डोंगर प्रत्यक्ष मोजलेल्या उंचीवरून उभारलेले असतात, तर काही निव्वळ गणितातून. पडद्यावर मात्र दोन्ही सारखेच खरे दिसतात. हे कसे साधते आणि त्यातला फरक ओळखणे का गरजेचे आहे, याचा हा आढावा.

सुरुवात कुठून झाली?

घन, गोल, शंकू असे आकार संगणकाला सुरुवातीपासून सोपे होते. खडबडीत डोंगर मात्र त्यात बसत नव्हता. गणितज्ञ बेन्वा मँडेलब्रॉ यांनी याचे उत्तर दिले. डोंगराचा छोटा तुकडा जवळून पाहिला तर तोही डोंगरासारखाच खडबडीत दिसतो. अशा रचनांना त्यांनी ‘फ्रॅक्टल’ हे नाव दिले. बोइंग या विमान कंपनीत काम करणारे लोरेन कारपेंटर यांना विमानांच्या चित्रामागे डोंगर हवे होते. त्यांनी मँडेलब्रॉ यांची कल्पना वापरून ‘व्हॉल लिब्र’ ही सुमारे दोन मिनिटांची फिल्म बनवली. तिच्या एकेका फ्रेमला संगणकाने २० ते ४० मिनिटे घेतली. १९८० मध्ये सिएटल येथील सिग्राफ परिषदेत ती दाखवली गेली आणि प्रेक्षकांनी उभे राहून दाद दिली. लुकासफिल्मच्या संगणक विभागाने कारपेंटर यांना लगेच नोकरी दिली. १९८२ च्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील दुसऱ्या चित्रपटात हे तंत्र मोठ्या पडद्यावर आले. हाच विभाग पुढे १९८६ मध्ये ‘पिक्सार’ ही स्वतंत्र कंपनी झाला.

एका त्रिकोणाचा डोंगर कसा होतो?

कृती सोपी आहे. एक त्रिकोण घ्यायचा, त्याच्या तिन्ही बाजूंचे मध्यबिंदू थोडे वर किंवा खाली सरकवायचे आणि ते जोडायचे. एकाचे चार त्रिकोण होतात. प्रत्येकावर पुन्हा तेच करायचे, मात्र दर वेळी सरकवण्याचे अंतर कमी करत जायचे. दहा फेऱ्यांत एका त्रिकोणाचे १० लाख ४८ हजार ५७६ त्रिकोण होतात. पहिल्या फेऱ्यांतून शिखरे आणि दऱ्या मिळतात, शेवटच्या फेऱ्यांतून दगडधोंडे.

याच काळात केन पर्लिन यांनी दुसरी वाट शोधली. ‘ट्रॉन’ या चित्रपटावर काम केल्यानंतर त्यांनी ‘नॉइज’ हे गणिती सूत्र तयार केले आणि १९८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. पूर्ण यादृच्छिक आकडे घेतले तर नुसते काटेरी कुंपण दिसते. पर्लिन यांच्या सूत्रातील चढउतार मात्र एकमेकांत सहज मिसळतात. त्यामुळे ढग, दगडांचा पोत आणि जमिनीचे उंचसखलपण यासाठी ते आजही वापरले जाते. या कामासाठी त्यांना १९९७ मध्ये ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

पाण्याशिवाय डोंगर का फसतो?

फ्रॅक्टल डोंगर पहिल्या नजरेत खरा वाटतो, पण नीट पाहिले की खोट दिसते. त्यावर पडलेले पाणी कुठे जाणार याचा पत्ता नसतो. खऱ्या डोंगरात ओहोळ ओढ्याला आणि ओढा नदीला मिळतो, कारण ती वाट पाण्यानेच कोरलेली असते. म्हणून १९८९ मध्ये केन मसग्रेव्ह आणि सहकाऱ्यांनी संगणकातील डोंगरावर गणिती पाऊस पाडला. पाणी उतारावरून वाहते, माती सोबत नेते आणि वेग कमी झाला की खाली टाकते. हे हजारो वेळा केले की घळी आणि पायथ्याशी साठलेला गाळ आपोआप तयार होतो.

सह्याद्रीला तर एवढेही पुरत नाही. दख्खनचे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून बनले. कठीण थर उभे कडे होऊन टिकतात, मऊ थर झिजून उतार होतात आणि माथे सपाट राहतात. म्हणूनच या खडकांना पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून ‘ट्रॅप’ म्हणतात. थरांचा कमीजास्त कठीणपणा संगणकाला सांगितला नाही, तर हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या जागी भलतेच टोकदार शिखर उभे राहते.

ऊन आणि धूसरपणाचे काम काय?

आकार तयार झाला की त्याचे चित्र करायचे, याला रेंडरिंग म्हणतात. प्रकाशाचा किरण कुठे आदळला, किती शोषला गेला आणि किती परतला याचा हिशेब त्यात होतो. त्याचे मूळ समीकरण जेम्स काजिया यांनी १९८६ मध्ये मांडले. डोंगराच्या दृश्यात हवा सर्वांत महत्त्वाची ठरते. हवेतील रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून दूरच्या रांगा निळसर आणि फिकट दिसतात. हा परिणाम काढून टाकला तर मैलोगणती पसरलेली रांग टेबलावरच्या मातीच्या प्रतिकृतीसारखी दिसते. चित्रपटात एका फ्रेमसाठी तास गेले तरी चालतात. सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या गेमला मात्र एका फ्रेमसाठी सेकंदाचा साठावा भागच मिळतो. म्हणून गेममध्ये दूरचा डोंगर मोजक्या त्रिकोणांत उरकतात आणि एकच झाड फिरवून, लहानमोठे करून हजारदा लावतात.

खरी जमीन संगणकात कशी येते?

खरी जागा दाखवायची तर तिथली उंची मोजावी लागते. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अंतराळयानाने ११ दिवसांत रडारच्या साह्याने पृथ्वीवरील बहुतांश जमिनीची उंची टिपली. भारताच्या कार्टोसॅट-१ या उपग्रहाने २००५ पासून दोन कॅमेऱ्यांनी एकच जागा दोन कोनांतून टिपली. त्यावरून तयार केलेली उंचीची माहिती इस्रोच्या ‘भुवन’ पोर्टलवर उपलब्ध आहे. मोफत मिळणाऱ्या अशा माहितीत साधारण ३० मीटर लांबी-रुंदीच्या एका चौकोनासाठी उंचीचा एकच आकडा असतो. म्हणजे सुमारे नऊ गुंठ्यांना एक आकडा. त्या नऊ गुंठ्यांतला नाला, बांध किंवा खाणीची कड या आकड्यात दिसत नाही. पडद्यावरचे गवत, दगड आणि लहान खाचखळगे नंतर गणिताने भरलेले असतात.

ग्राहकाने काय पाहावे?

प्रकल्पाच्या चित्रातील टेकडी मोजलेली आहे, थोडी उंच करून दाखवली आहे की पूर्ण कल्पित आहे, हे चित्र पाहून कळत नाही. खरा नाला वगळला असला तरी चित्र तितकेच सुंदर दिसते. पावसाळ्यात पाणी मात्र खऱ्या उतारानेच येते. त्यामुळे दृश्य कोणत्या मजल्यावरून आणि कोणत्या दिशेने दाखवले आहे, उंचीची माहिती कुठून घेतली आहे, हे विकासकाला लेखी विचारावे. नोंदणीकृत प्रकल्पाचा मंजूर आराखडा महारेराच्या संकेतस्थळावर पाहता येतो. तो चित्राशी ताडून पाहावा आणि पावसाळ्यात एकदा जागेवर फेरी मारावी. स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १२ नुसार जाहिरातीतील किंवा माहितीपत्रकातील खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याचे नुकसान झाल्यास विकासकाला भरपाई द्यावी लागते. म्हणून ज्या जाहिरातीवरून घर पसंत केले, ती तारखेसह जपून ठेवावी.