पत्र सल्लागाराचे, काम नोकरीचे

मुंबई : एक जण बोरिवलीहून थेट लोकलने येतो, दुसरा मुलुंडहून घाटकोपर आणि पुढे मेट्रोने. अंधेरीच्या एमआयडीसीतील एकाच कार्यालयात दोघेही शेजारी-शेजारी बसतात, एकाच वरिष्ठाला रोजच्या कामाचा हिशेब देतात. फरक इतकाच की, एकाकडे नियुक्तीपत्र आहे, तर दुसऱ्याकडे ‘कन्सल्टंट’ म्हणून केलेला करार. हा फरक रोजच्या कामात जाणवत नाही. नोकरी बदलायची वेळ आली की मात्र तो बोचू लागतो.

सल्लागारपद स्वीकारताना भुरळ पडते ती वाढीव आकड्याची. दरमहा ६० हजार रुपये पगार आणि त्यात ३० हजार मूळ वेतन असलेल्या व्यक्तीला ६६ हजारांच्या शुल्काचा प्रस्ताव आला, असे समजू. सहा हजारांची वाढ दिसते. परंतु पूर्ण मूळ वेतनावर १२ टक्के दराने मालक भविष्य निर्वाह निधीत भरत असलेले ३,६०० रुपये आता बंद होतात. वर्षाला १५ दिवसांच्या वेतनाप्रमाणे साचणारे उपदान, म्हणजेच ग्रॅच्युइटी, महिन्याला सुमारे १,४४० रुपये होते; तेही गेले. उरतात जेमतेम हजार रुपये. त्यातूनच आजारपणाची रजा, वैद्यकीय विमा आणि महिला असल्यास २६ आठवड्यांच्या पगारी प्रसूती रजेची भरपाई करायची!

करकपातीचा हिशेबही वेगळा. व्यावसायिक शुल्कातून साधारणपणे १० टक्के टीडीएस कापला जातो. त्यामुळे ६६ हजारांपैकी हाती पडतात ५९,४००, म्हणजे जुन्या पगाराच्या आकड्याहूनही कमी. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर द्यावा लागत नाही. तरीही कापलेली ही रक्कम विवरणपत्र भरून परतावा मिळेपर्यंत अडकून राहते. राज्याचा वर्षाला अडीच हजारांचा व्यवसाय करही सल्लागाराने स्वतः नोंदणी करून भरायचा असतो. पगारदाराच्या बाबतीत ते काम कंपनी करते.

मग ‘कन्सल्टंट’ हा शब्द लिहिला की कायद्याची जबाबदारी संपते का? तसे नाही. शिवणकाम करणाऱ्या नगावरील कारागिरांना सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये ‘सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊस’ खटल्यात कर्मचारी ठरवले. यंत्रे दुकानाची होती आणि बिघडलेले काम नाकारण्याचा अधिकारही दुकानाचाच. याउलट, पुण्याच्या रुबी हॉल क्लिनिकमधील डॉक्टरांच्या करकपातीचा वाद २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेला, तेव्हा निश्चित रकमेबरोबर बदलते मानधन घेणारे डॉक्टर रुग्णालयाचे नोकर नव्हेत, असा निर्णय झाला. वेळ कोण ठरवतो, साधने कोणाची, काम दुसऱ्याकडून करून घेता येते का आणि नफ्यातोट्याची जोखीम कोणाची, हे सारे एकत्र पाहिले जाते. कोणताही एक निकष निर्णायक नसतो. अर्थात, हा वाद न्यायालयात जिंकेपर्यंत माणूस तिसऱ्या कंपनीत गेलेला असतो, हेही खरे.

करार मुदतीचा असेल तर तो मध्येच सोडताना विशेष जपावे लागते. कल्याणजवळच्या सेंच्युरी रेयॉनमधील एका पर्यवेक्षकाने १९६३ मध्ये पाच वर्षांचा करार केला आणि पुढच्याच वर्षी तो कोट्याच्या रेयॉन कंपनीत रुजू झाला. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावरील मनाई कायम ठेवली. कारण ती कराराच्या मुदतीपुरतीच होती. मुदत संपल्यानंतर प्रतिस्पर्धी कंपनीत जाण्यास बंदी घालणारे कलम मात्र १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही.

नोकरीतून सल्लागारीत गेल्यास निधीचे खाते बंद होत नाही, पण त्यात नवी भर पडत नाही. निवृत्तिवेतनासाठी लागणाऱ्या दहा वर्षांच्या सेवेत ही वर्षे धरली जात नाहीत. त्याच कंपनीत ‘आधी सहा महिने सल्लागार, मग कायम’ असे आश्वासन मिळाल्यास सेवेची तारीख कोणती धरणार, हे लेखी मागून घेतलेले बरे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्यालाही एका वर्षानंतर उपदान मिळू शकते. त्यामुळे कंपनीला कायम नेमणूक द्यायची नसेल, तर सल्लागारीऐवजी मुदतीची नोकरी मागण्याचा पर्याय उमेदवारापुढे असतो.