सिकलसेलच्या रुग्णाची शस्त्रक्रिया : सोबत्याने काय करावे?

नंदुरबार जिल्ह्यातील भिल्ल, पावरा अशा आदिवासी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार बराच आढळतो. अशा रुग्णाच्या शस्त्रक्रियेत घरच्यांची सोबत हा उपचाराचाच भाग असतो. प्राणवायू कमी पडला, शरीरातले पाणी घटले, थंडी वाजली किंवा जंतुसंसर्ग झाला, की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि असह्य वेदना होतात.

म्हणून दाखल होतानाच सिकलसेलचे कार्ड डॉक्टरांना दाखवा. कधी आधी रक्त चढवावे लागते. नातेवाइकांनी रक्तदानाची तयारी ठेवावी. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला पांघरूण, पायमोजे घाला. डॉक्टरांनी परवानगी दिली, की थोडे थोडे पाणी पाजत राहा. पोटाला टाके असतील तर त्यांवर उशी हलकेच दाबून धरा आणि रुग्णाला दीर्घ श्वास घ्यायला लावा. हात धरून चालवा. छातीत दुखणे, धाप किंवा ताप दिसताच नर्सना बोलवा.

मराठी नीट न समजणाऱ्या रुग्णाजवळ भिली किंवा पावरी बोलणारे माणूस हवेच; दुखणे नेमके कुठे आहे, हे आपल्या बोलीतच सांगता येते.

धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर परतल्यावर आशाताईंना कळवा. डॉक्टर सांगेपर्यंत हंडा, मोळी उचलू देऊ नका. त्रास वाढला तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. ती पाड्यापर्यंत पोचत नसेल, तर रस्त्यापर्यंत नेणारी चार माणसे आधीच ठरवून ठेवा.